फिल्बीने राखलेली ठेव

एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही छोटेखानी कादंबरी 1895 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारित त्याच नावाचा चित्रपट जॉर्ज पाल यांनी 1960 मध्ये पडद्यावर आणला. कालयंत्रावर आरूढ होऊन आठ लक्ष वर्षे पुढे जाणाऱ्या माणसाची ही कथा. प्रेक्षकांच्या स्मरणात राहते ते स्फटिकाची मूठ असलेले ते यंत्र, त्यामागे फिरणारी प्रचंड तबकडी आणि भूगर्भातील मॉरलॉक. अवसर्पिणीच्या सहाव्या आऱ्यात बिळांतून राहणाऱ्या मनुष्यांचे वर्णन ज्यांनी प्रवचनांतून ऐकले आहे, त्यांना हे मॉरलॉक फारसे नवखे वाटणार नाहीत. विशेष दृश्यपरिणामांचे ऑस्कर या चित्रपटास मिळाले, ते यथायोग्यच होय. तथापि व्यापारी घराण्यातील वाचकाने आवर्जून पाहावा असा यातील भाग यंत्राचा नाही. तो एका मित्राचा आहे, आणि मूळ पुस्तकात तो नाहीच.

कथा 1899 च्या अखेरच्या दिवशी लंडनमध्ये सुरू होते. जॉर्ज नावाचा संशोधक आपल्या मित्रांना यंत्राची लहानशी प्रतिकृती दाखवतो. ती त्यांच्या डोळ्यांदेखत अदृश्य होते, तरी कोणाचा विश्वास बसत नाही. एका पाहुण्याला तर वाटते की अशा बुद्धीचा उपयोग बोअर युद्धात इंग्लंडला व्हावा. सर्व निघून जातात. डेव्हिड फिल्बी तेवढा मागे रेंगाळतो. यंत्रावर त्याचाही विश्वास नाही, पण मित्राच्या मनःस्थितीची त्याला काळजी वाटते. वेल्स यांच्या पुस्तकातील फिल्बी म्हणजे तांबड्या केसांचा, वाद घालणारा एक गौण गृहस्थ. त्याला मित्रत्वाचे हे तेज चित्रपटाने दिले.

जॉर्ज यंत्रावर बसतो. मेणबत्ती भराभर वितळते, गोगलगाय धावू लागते, सूर्य आकाशातून सपाट्याने जातो. समोरच्या कपड्यांच्या दुकानाच्या काचेत एक स्त्रीचा पुतळा उभा आहे. त्याच्या अंगावरील पोशाख बदलत जातो आणि त्यावरून जॉर्जला वर्षांचा अंदाज येतो. वेल्स यांचे वडील ब्रॉमली येथे चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचे साहित्य विकणारे, बेताच्या मिळकतीचे दुकानदार. स्वतः वेल्स यांनी किशोरवयात साउथसी येथे कापडाच्या दुकानात उमेदवारी केली आणि तेथील दीर्घ तासांना ते विटले. अशा लेखकाच्या कथेत काळ मोजण्याचे घड्याळ म्हणून कपड्यांच्या दुकानाची काच यावी, हा योग मोठा सुरेख आहे.

1917 मध्ये जॉर्ज थांबतो. घर बंद आहे, दारे-खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत, आत कोळिष्टके आहेत. रस्ता ओलांडून तो दुकानापाशी जातो. तेथे सैनिकी गणवेशातील एक तरुण भेटतो. त्याला तो फिल्बीच समजून हाक मारतो. तो असतो फिल्बीचा मुलगा, जेम्स. वडील युद्धात कामी आले, असे तो सांगतो. मग समोरच्या घराचा विषय निघतो. घराचा मालक शतकाच्या आरंभी नाहीसा झाला. त्याच्या मालमत्तेची व्यवस्था वडिलांकडे होती. ती विकून मोकळे होण्यास ते कधीच तयार झाले नाहीत, कारण मालक एक दिवस परत येईल अशी त्यांची विचित्र समजूत होती. हे ऐकणारा माणूस म्हणजे प्रत्यक्ष तो मालक! रॉड टेलर या अभिनेत्याने या क्षणी जे संयमित काम केले आहे, ते पुढील साऱ्या मारामारीपेक्षा श्रेष्ठ आहे.

या प्रसंगाचे मोल हिशेबाच्या दृष्टीनेही पाहावे. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा लागत नाही, त्यास कायदा मृत मानू शकतो. इंग्लंडमध्ये तसे आहे आणि आपल्याकडेही तसेच आहे. फिल्बीने आठव्या वर्षी ते घर विकले असते, तर कोणी बोट दाखवू शकले नसते. लंडनमधील मोकळी वास्तू, तीही स्वतःच्या दुकानासमोर! गोदाम म्हणून वापरण्याचा मोह कोणाला झाला नसता? ठेव परत मागणारा कोणी उरला नाही, म्हणून ठेव आपली होत नाही, एवढे त्या दुकानदाराला ठाऊक होते. त्यासाठी त्याने ना पावती लिहून दिली होती, ना शपथ घेतली होती.

पुढे 1940 मधील बॉम्बवर्षावात ते घर नष्ट होते. चित्रपटकर्त्यांच्या दृष्टीने तेव्हा भविष्य असलेल्या 1966 मध्ये अणुयुद्ध होते. खडकात गाडला गेलेला जॉर्ज मुक्त होतो तो 8,02,701 या वर्षी. तेथील एलॉय सुंदर, तरुण आणि फलाहारी आहेत, कोणावर हात उगारीत नाहीत. वीना नावाची तरुणी नदीत बुडू लागते, तेव्हा काठावरील एकही एलॉय जागचा हलत नाही. वरवर पाहता हे लोक अहिंसक वाटतात. परंतु ज्या सम्यक्त्वाच्या लक्षणांत अनुकंपेची गणना होते, त्याचा येथे मागमूसही नाही. जॉर्ज पुस्तके दाखवा म्हणतो. कपाटातील ग्रंथाला हात लागताच त्याची धूळ होते. ज्ञानपंचमीला वा श्रुतपंचमीला ग्रंथांची वेष्टने बदलणाऱ्या आणि जेसलमेर, पाटण, कारंजा येथील भांडारांत ताडपत्रे शतकानुशतके जपणाऱ्या परंपरेतील प्रेक्षकाला हे दृश्य मॉरलॉकांच्या नरभक्षणाइतकेच भयंकर वाटावे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. वेल्स यांनी एलॉय हे आळसावलेल्या धनिकांचे, तर मॉरलॉक हे जमिनीखाली ढकललेल्या कामगारांचे वंशज कल्पिले होते. चित्रपटाने हा दोष युद्धाच्या माथी मारला आणि वरच्या मजल्यावरील मंडळींना सोयीस्कर सुटका दिली. पुस्तकात वीना वाचत नाही, येथे ती वाचते, हाही प्रेक्षकानुनयच.

अखेरीस जॉर्ज 5 जानेवारी 1900 रोजी मित्रांच्या भोजनाला फाटक्या कपड्यांनिशी परततो, सर्व हकीकत सांगतो, आणि पाहुणे पांगताच पुन्हा निघून जातो. जाताना कपाटातून तीन पुस्तके नेतो. ती कोणती, हे चित्रपट सांगत नाही. आपण कोणती तीन नेली असती, एवढेच फिल्बी घरातील वृद्ध सेविकेला विचारतो. मग तो हिमवर्षावात बाहेर पडतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नाही, प्रेक्षकाला मात्र ठाऊक आहे: रस्त्यापलीकडे दुकान आहे, मुलगा लहान आहे, आणि उद्यापासून या घराच्या किल्ल्या त्याच्याकडे असणार आहेत.