फाइल पोहोचली, चुकारा कुठे अडला?

भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत धान हेच मुख्य पीक असल्यामुळे आधारभूत किमतीने होणारी धान खरेदी हा भंडारा जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचा कणा आहे, आणि धान काट्यावर चढल्यापासून चुकारा शेतकऱ्याच्या खात्यात जमा होईपर्यंत जो काळ जातो, त्यावर सोसायटीचे कर्ज, पुढच्या हंगामाची लागवड आणि घरचे लग्नकार्य अवलंबून असते. हा काळ लांबला की चर्चा निधी, बारदाना आणि गोदाम या तीन गोष्टींभोवती फिरते आणि ते योग्यही आहे. मात्र एका संगणक प्रणालीतील माहिती दुसऱ्या प्रणालीत कोणत्या मार्गाने जाते आणि ती वाटेत अडली तर कोणाला कळते, ही चौथी गोष्ट तितकीच निर्णायक असूनही तांत्रिक बाब म्हणून बाजूला टाकली जाते. फाइल हस्तांतरण सर्व्हर आणि एंटरप्राइज सर्व्हिस बस यांची जोडणी हा या चौथ्या गोष्टीचा गाभा आहे, आणि ती जोडणी कशी असावी हे केवळ अभियंत्यांनी ठरवण्याचा विषय नाही.

खरेदीची साखळी पाहिली म्हणजे या प्रश्नाचा आवाका लक्षात येतो. महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ शासनाचा अभिकर्ता म्हणून खरेदी करतो, गावपातळीवरील केंद्रे प्रामुख्याने सहकारी संस्था चालवतात, शेतकरी तेथे सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक देऊन नोंदणी करतो, पिकाच्या खातरजमेसाठी १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची नोंद उपयोगी पडते, आणि खरेदी झालेले धान भरडाईसाठी राईस मिलकडे जाऊन अरवा तांदळाच्या बाबतीत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत येणे अपेक्षित असते. जमिनीचा अभिलेख, पीक पाहणी, खरेदी नोंदणी, देयक आणि बँक अशा किमान पाच नोंदव्यवस्था या एका व्यवहारात गुंतलेल्या असतात, आणि त्या वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या यंत्रणांनी आपापल्या गरजेनुसार उभारलेल्या असल्यामुळे त्यांची आपसांतील भाषा एक नसते.

अशा व्यवस्था जोडण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्या मार्गात एक प्रणाली दुसरीला त्याच क्षणी प्रश्न विचारते आणि उत्तर घेते. दुसऱ्यात हजारो नोंदी एका फाइलमध्ये भरून ती फाइल ठरलेल्या सर्व्हरवर ठेवली जाते आणि समोरची प्रणाली ती आपल्या सवडीने उचलते. दुसरा मार्ग जुनाट मानण्याची पद्धत पडली आहे, परंतु देशातील घाऊक देयके आजही मोठ्या प्रमाणावर फाइलनेच चालतात: नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस या व्यवस्थेत बँका नोंदींच्या फाइली देतात व फाइलीच परत घेतात, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून ही व्यवस्था सुट्टीच्या दिवशीही सुरू असते. एका केंद्रावरील शेकडो शेतकऱ्यांची देयके एकत्र पाठवताना फाइल सोयीची, मोजता येणारी आणि जपून ठेवता येणारी असते, त्यामुळे ती हद्दपार करण्याचा आग्रह धरण्यापेक्षा ती नीट जोडण्याचा आग्रह धरणे अधिक शहाणपणाचे आहे.

या फाइल-व्यवहाराचा उगम एका भारतीयाच्या हातून झाला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेलेले अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर पाठवण्याच्या नियमांचा, म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, पहिला मसुदा लिहिला आणि १९८५ मध्ये त्या नियमांना आजचे रूढ रूप मिळाले. मूळ नियमांत परवलीचा शब्द उघड्या स्वरूपात जात असे, म्हणून आता त्याच कामासाठी कूटबद्ध मार्गाने जाणारी एसएफटीपी ही पद्धत वापरली जाते. एंटरप्राइज सर्व्हिस बस ही १९७१ च्या त्या मसुद्यानंतर तीन दशकांनी, २००२ च्या सुमारास, पुढे आलेली कल्पना आहे: प्रत्येक प्रणालीने प्रत्येक प्रणालीशी स्वतंत्र तार जोडण्याऐवजी सर्वांनी मधल्या एका सॉफ्टवेअर थराशी जोडून घ्यावे आणि त्या थराने संदेश योग्य ठिकाणी पोहोचवणे, त्याचा साचा बदलणे व त्याची नोंद ठेवणे ही कामे करावीत. भारतातील शासकीय सेवांसाठी सी-डॅकने विकसित केलेले आणि २००८ मध्ये सुरू झालेले नॅशनल सर्व्हिस डिलिव्हरी गेटवे हे याच विचाराच्या जवळचे उदाहरण होते.

जोडणी अवघड होते ती फाइल सर्व्हर आणि बस या दोहोंचा स्वभाव भिन्न असल्यामुळे. सर्व्हरला आपल्याकडे किती बाइट आले एवढेच कळते, त्यांचा अर्थ कळत नाही. बसचे सारे काम मात्र अर्थ असलेल्या संदेशावर चालते. म्हणून दोघांमध्ये अडॅप्टर नावाचा घटक असतो, जो ठरावीक वेळाने सर्व्हरवरील फोल्डर तपासतो, नवी फाइल उचलतो आणि तिचे संदेश करून बसकडे देतो, आणि बहुतेक अनर्थ याच घटकाच्या ढिसाळ रचनेतून होतात. फाइल अजून चढत असतानाच अडॅप्टरने ती उचलली तर निम्म्याच शेतकऱ्यांच्या नोंदी पुढे जातात आणि कोणतीही प्रणाली चूक दाखवत नाही. यावर उपाय असा की पाठवणाऱ्याने फाइल तात्पुरत्या नावाने चढवावी, ती पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलावे, आणि सोबत एक नियंत्रण फाइल द्यावी, जिच्यात नोंदींची संख्या, रकमेची एकूण बेरीज आणि फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली, एक अक्षर बदलले तरी बदलणारी एसएचए-२५६ ही खूण असेल. तीच फाइल चुकून दोनदा आली तर रक्कम दोनदा जाण्याचा धोका असतो, म्हणून प्रत्येक तुकडीला न बदलणारा क्रमांक हवा आणि तो क्रमांक पूर्वी हाताळला गेला असल्यास दुसऱ्यांदा काहीही न करण्याची शिस्त हवी. फाइल फारच मोठी असेल तर ती अख्खी बसवरून नेऊ नये. वखारीतला माल जागेवर राहून व्यवहार पावतीवर व्हावा, तशी फाइल साठवणीत राहून बसवरून केवळ तिचा पत्ता आणि खूण जावी.

फाइल शाबूत पोहोचली तरी तिच्यातील एक ओळ चुकीची असू शकते, आणि चुकारा अडतो तो बहुधा अशा एका ओळीवर. खरीप २०२५-२६ साठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली, म्हणजे त्या दराने ३० क्विंटल धान देणाऱ्या शेतकऱ्याच्या ओळीत ७१,०७० रुपयांची रक्कम असते, आणि त्याच ओळीत आधार क्रमांक, खाते क्रमांक व आयएफएससी असे तीन नाजूक रकाने असतात. कार्यालयात ही यादी एक्सेलमध्ये उघडून साठवली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात, आणि एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक धरत असल्यामुळे सोळा अंकी खात्याचा शेवटचा अंक निमूटपणे शून्य होतो. आयएफएससीच्या अकरा स्थानांपैकी पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते, तेथे घाईत ओ हे इंग्रजी अक्षर टंकले जाते. बँकांच्या विलीनीकरणानेही जुनी माहिती बाद होऊ शकते. पूर्व विदर्भातील खेड्यापाड्यांत शाखा असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, आणि अशा प्रत्येक बदलानंतर संदर्भयाद्या अद्ययावत करणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते. यांतील अनेक चुका दारातच पकडता येतात: आधारचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला पडताळा अंक असल्यामुळे एखादा अंक चुकला तर तो कोणत्याही बाहेरच्या सर्व्हरला न विचारता ओळखता येतो, आणि आयएफएससीचा साचा तपासणे तर त्याहून सोपे आहे.

माहितीच्या जोडणीतील उणिवेची किंमत किती मोठी असते, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले. २४ जून २०१७ रोजी जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना या कर्जमाफीच्या योजनेत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज एका बाजूने आले, बँकांकडील कर्जखात्यांची माहिती दुसऱ्या बाजूने आली, १८ ऑक्टोबरला दिवाळीच्या मुहूर्तावर प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि त्यानंतर दोन्हींचा मेळ बसत नसल्याचे उघड होऊन प्रत्यक्ष लाभ रखडला. डिसेंबर २०१९ मध्ये घोषित झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत बँकांनीच याद्या भरल्या, त्या गावात लावल्या गेल्या, शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करताना आपली रक्कम पाहिली आणि ती अमान्य असल्यास तक्रार नोंदवण्याची सोय त्याच ठिकाणी ठेवण्यात आली. दोन योजनांमधील महत्त्वाचा फरक असा की दुसरीत माहितीला परतीची वाट होती, आणि ज्याच्या नावाची ओळ आहे त्याच्यापर्यंत ती वाट पोहोचत होती.

हाच या विषयाचा मध्यवर्ती मुद्दा आहे. फाइल पोहोचल्याची पावती आणि प्रत्येक ओळीचा निकाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवर समाधान मानणारी जोडणी अपूर्ण समजली पाहिजे. नाकारलेली ओळ बसवर मृत संदेशांच्या रांगेत, म्हणजे हाताळता न आलेल्या संदेशांसाठी राखलेल्या जागेत, जाऊन पडते. त्या रांगेकडे कोणी पाहत नसेल तर तांत्रिक अहवालात सर्व काही सुरळीत दिसते आणि शेतकरी मात्र केंद्र, जिल्हा पणन कार्यालय आणि बँक यांच्या खेपा घालत राहतो. याउलट नाकारलेली प्रत्येक ओळ कारणासह त्याच मार्गाने मागे आली, केंद्रावरील नोंदणी करणाऱ्याच्या पडद्यावर आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत दिसली, आणि दुरुस्त ओळ नव्या तुकडीची वाट न पाहता पुढे गेली, तर आठवड्यांचा खोळंबा एका दिवसावर येऊ शकतो.

या मांडणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की मधला थर जड होत जातो, सगळे नियम त्यातच कोंबले जातात आणि तो बंद पडला की सगळेच बंद पडते. म्हणून खरेदीची हेक्टरी मर्यादा किंवा पात्रता यांसारखे धोरणाचे नियम खात्याच्या प्रणालीतच राहावेत आणि बसने पोहोचवणे, साचा बदलणे व नोंद ठेवणे एवढेच करावे. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा आहे, कारण हजारो शेतकऱ्यांचे आधार व खाते क्रमांक असलेल्या फाइली काम झाल्यावरही सर्व्हरवर पडून राहतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चा रोख उद्देश संपल्यावर माहिती पुसण्याकडे आहे, त्यामुळे कोणती फाइल किती दिवस ठेवायची आणि ती कोण उघडू शकेल, हे जोडणीच्या आराखड्यातच लिहिलेले असावे.

शासकीय निविदांनी जोडणीच्या कामात म्हणूनच तीन अटी स्पष्ट घालाव्यात: प्रत्येक फाइलसोबत संख्या व बेरजेचा ताळा असावा, प्रत्येक ओळीचा निकाल ठरलेल्या मुदतीत परत यावा, आणि अडकलेल्या ओळींची रांग रोज उघडून निकाली काढणाऱ्या अधिकाऱ्याचे पद नेमून दिलेले असावे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खरेदी आढाव्यात किती क्विंटल धान आले आणि किती रक्कम वितरित झाली हे जसे विचारले जाते, तसेच किती ओळी परत आल्या, कोणत्या कारणाने आल्या आणि त्यांतील सर्वांत जुनी किती दिवसांची आहे, हेही विचारले जावे. धान दिल्यावर शेतकऱ्याच्या बाजूचा व्यवहार पूर्ण झालेला असतो. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब देणे ही माहिती वाहून नेणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी आहे, आणि ती जबाबदारी करारात लिहिलेली असेल तरच कोणाकडून तरी पार पाडून घेता येते.