चित्र दिसते, आवाज कुठे गेला?

जामसरला आमच्या घरी मुलाने जुना संगणक टीव्हीला आणि सेकंडहँड ॲम्प्लिफायरला जोडला. गाणी सुरेख वाजली. रात्री शेजारपाजारची मंडळी सिनेमाला जमली, तर चित्र हलते, आवाज नाही! जव्हारच्या एका दुरुस्तीवाल्याने न पाहताच निकाल दिला : ॲम्प्लिफायर गेला, नवा घ्या. दोन महिन्यांचा किराणा त्यात गेला असता.

वाचकहो, गेलेल्या यंत्रावर गाणी कशी वाजतील? हे सुचायला आम्हाला दोन दिवस लागले. वायर काढून पाहिली. टोकाला तांबडा उजेड होता, म्हणजे संगणक काहीतरी पाठवत होता. १९८३ साली तोशिबा कंपनीने आणलेली ही वायर आवाज उजेडातून नेते. (ती डोळ्याशी धरू नये.) साधा आवाज, म्हणजे पीसीएम, तिच्यातून दोनच स्पीकरांपुरता जातो. सहा स्पीकरांचा आवाज डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने दाबून पाठवावा लागतो. ते गाठोडे आमच्या ॲम्प्लिफायरला सोडता येत नव्हते. सिनेमाच्या प्रोग्रॅममध्ये ‘पासथ्रू’ चालू होते; ते बंद केले आणि सिनेमा बोलू लागला.

गाणीही मुकी असतील, तर विंडोजने आवाज एचडीएमआयकडे वळवला आहे का, ते आधी पाहावे.

रविवारी मंडळी पुन्हा जमली. शेजारच्या आजींनी सिनेमा पहिल्यापासून लावायला लावला.