बेज रंगाची साथ

गेल्या काही वर्षांत मी ज्या ज्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला जेवलो, तो फ्लॅट एकच होता. पत्ता कधी बाणेरचा, कधी ठाण्याच्या घोडबंदर रोडचा, कधी नाशिकच्या गंगापूर रोडचा. आत शिरलं की तेच. टीव्हीमागे उभ्या खाचांचं पॅनेल, छताला फॉल्स सीलिंग, त्याच्या कडेत दडवलेली पिवळसर एलईडी पट्टी, बेज रंगाचा सोफा, कोपऱ्यातल्या फुलदाणीत वाळक्या गवताचे तुरे आणि कन्सोलवर धडावेगळं केलेलं बुद्धाचं डोकं. यजमान खोलीखोलीतून फिरवतात आणि शेवटी न चुकता सांगतात, “सगळं आमच्या टेस्टनं केलंय हं. डिझायनरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घरात आमची पर्सनॅलिटी दिसली पाहिजे.”

दिसते ना. वरच्या मजल्यावरच्यांचीही हीच दिसते, एवढंच.

घरं सारखी असण्याला माझी हरकत नाही. चाळीतल्या खोल्या सारख्या होत्या, सरकारी क्वार्टर्स तर एकाच साच्यातून काढलेली होती. पण तिथे राहणारा कुणी आपली ‘पर्सनल स्टाईल’ पाहुण्यांना दाखवत फिरत नव्हता. माझा राग आहे तो ‘तुमची स्वतःची शैली शोधा’ म्हणत दारात उभ्या राहिलेल्या धंद्यावर. या धंद्याची रीत ठरलेली आहे. आधी तुम्हाला पटवायचं की तुमच्या घराला शैलीच नाही. मग ती शोधायला मदत म्हणून एक प्रश्नावली पुढे करायची: रविवारची सकाळ कुठे घालवायला आवडेल, समुद्रकिनारी, जंगलात की कॅफेत? उत्तरं दिली की निकाल हातात. पेणजवळच्या गावात वाढलेला, सगळी नोकरी सहकारी बँकेत काढलेला गृहस्थ ऐन पन्नाशीत ‘जपांडी’ (म्हणे जपानी अधिक स्कँडिनेव्हियन) निघतो. बायको ‘बोहो’ निघते. दोघांचा समेट बेज रंगावर होतो.

या शैली आल्या कुठून, हे विचारायची पद्धत नाही. मी विचारतो. पांढऱ्या भिंती, फिकं लाकूड आणि बिनपडद्याच्या मोठ्या खिडक्या ही उत्तर युरोपातल्या माणसाची गरज आहे. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. तिथे प्रकाशाचा प्रत्येक कवडसा अडवून घरात खेळवावा लागतो. आपलं दुखणं नेमकं उलटं. इथे ऊन थोपवायचं कसं, हा प्रश्न. वाडे बांधणाऱ्यांनी तो जाड भिंती, खोल ओसरी आणि मधल्या चौकानं सोडवला होता. आपण काय करतो? पश्चिमेला भिंतभर काच लावतो. मार्चमध्ये घराची भट्टी झाली की काचेवर ब्लॅकआउट पडदे येतात, पडद्यांमागून एसी येतो आणि भर दुपारी दिवे लावून मंडळी म्हणतात, “नॅचरल लाइट भरपूर आहे बघा आमच्याकडे.”

‘इंडस्ट्रियल’ नावाच्या प्रकाराचं तर काय सांगावं. न्यूयॉर्कमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत ओस पडलेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर चित्रकार राहायला गेले, कारण भाडं कमी होतं. उघड्या विटा आणि उघडे पाइप त्यांनी निवडले नव्हते. झाकायला पैसे नव्हते. मुंबईत गिरण्यांचा संप १९८२च्या जानेवारीत सुरू झाला, गिरणगाव उद्ध्वस्त झालं आणि पुढे त्याच जमिनींवर टॉवर उभे राहिले. आज अशा टॉवरमधल्या दिवाणखान्यात विटांचं चित्र छापलेला वॉलपेपर चिकटवतात. खरी विटांची भिंत पाडायची, कामगाराला वसई-विरारपलीकडे धाडायचं आणि त्या भिंतीचा छापील फोटो चौरस फुटाच्या भावानं विकत घ्यायचा. याला सौंदर्यदृष्टी म्हणायचं असेल तर निर्ढावलेपणाला वेगळा शब्द शोधावा लागेल.

मग कुणाला तरी अस्मिता आठवते. “थोडा महाराष्ट्रीयन टच देऊ या,” असं ठरतं आणि उशीच्या अभ्र्यावर वारली माणसं नाचू लागतात. वारल्यांच्या घरात लग्नात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघाट देवीला बसवतात. ते चित्र म्हणजे विधीचा भाग. जिव्या सोमा मशे यांनी ती कला विधीबाहेर कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हा एका कलावंताचा पराक्रम. पण सोफ्यावर पाठ टेकायला छापून घेतलेली तारपा नाचणाऱ्यांची रांग हा पराक्रम नाही. पालघरच्या पाड्यात कधी पाऊल न टाकलेल्या माणसानं घेतलेला तो फुकटचा पुण्यसंचय आहे.

आणि हा टच आणण्यापूर्वी घरातून काय काय बाहेर गेलं, तेही पाहा. आईच्या लग्नातलं गोदरेजचं कपाट थीममध्ये बसत नाही, म्हणून भंगारवाल्याला वजनावर जातं. ही कंपनी १९२३पासून लोखंडी कपाटं बनवते आहे, आणि त्यातली कित्येक दोन-दोन पिढ्यांच्या बदल्या सोसून उभी आहेत. त्या जागी एमडीएफचा वॉर्डरोब येतो; त्याला ओल लागली की तो फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू सुटू लागतात. जुनी मोझॅक फरशी फोडून चकचकीत व्हिट्रिफाइड बसवली जाते, आणि दहा वर्षांनी संगमरवराचे तेच तुकडे टेराझो म्हणून चौपट भावात परत येतात. पितळेचे डबे मोडीत जातात आणि ‘व्हिंटेज’ दुकानातून दुसऱ्या कुणाच्या तरी आजीचा डबा छत्री ठेवायला आणला जातो. स्वतःच्या आजीची लाज वाटते, परक्या आजीचा डबा मात्र हौसेनं मिरवला जातो. शैलीच्या नावाखाली चाललेला खरा व्यवहार हा आहे: आपण कुठून आलो हे पाहुण्यांना कळू नये, यासाठी मोजलेले पैसे.

व्हिएन्नातला वास्तुरचनाकार अडॉल्फ लोस यानं १९०० साली एका गरीब बिचाऱ्या श्रीमंताची गोष्ट लिहिली होती. हा श्रीमंत आपलं घर एका नामवंत रचनाकाराकडून नखशिखांत सजवून घेतो. एकदा रचनाकार भेटीला येतो आणि मालकाच्या पायांकडे बघून हबकतो, कारण त्यानं झोपण्याच्या खोलीसाठी बेतलेल्या सपाता मालकानं दुसऱ्या खोलीत घातलेल्या असतात. वाढदिवसाला बायकामुलांनी दिलेल्या भेटी स्वीकारल्याबद्दलही त्याची हजेरी घेतली जाते. घर पूर्ण झालंय, आता त्यात नवं काही येता कामा नये. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही थट्टा आज थट्टा राहिलेली नाही. आता ओरडायला रचनाकार लागतच नाही. फोटो काढण्यापूर्वी यजमान स्वतःच वडिलांची औषधांची पिशवी, मुलाची सायकल आणि देवापुढची तेलाची बाटली उचलून आतल्या खोलीत लपवतो.

कारण घर राहणाऱ्यासाठी केलेलंच नसतं. ते पाहुण्यासाठी आणि कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं. नाहीतर ज्या स्वयंपाकघरात रोज फोडणी पडते, तिथे उघडे शेल्फ कोण करेल? महिन्याभरात प्रत्येक बरणीवर चिकट थर बसतो. पॅनेलच्या त्या उभ्या खाचा बघा. एकेका खाचेतली धूळ कापड बोटाला गुंडाळून काढावी लागते. डिझायनरच्या मूडबोर्डवर कापडाचे नमुने असतात, दिव्यांची चित्रं असतात. त्या खाचा पुसणाऱ्या मावशी मात्र नसतात. गॅलरी दिवाणखान्यात ओढून घेतली, तिच्यात प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलं, फार छान. जुलैमध्ये कपडे कुठे वाळत घालायचे? बेडरूममध्ये, स्टँडवर, पंख्याखाली. चार दिवस घरभर कुबट वास. पण दोरी बांधायची नाही, दोरीनं थीम मोडते.

“त्यांचे पैसे, त्यांची हौस, तुमचं काय जातं?” असं मला हमखास ऐकवलं जातं. हौसेला माझी ना नाही. हौस असती तर घरं वेगवेगळी झाली असती. कुणी गुलाबी भिंत केली असती, कुणी दिवाणखान्यात तबल्याची जोडी मांडली असती, कुणी सगळ्या खोल्यांत नुसती पुस्तकं रचली असती. इथे दिसते ती धास्ती. चारचौघांत गावंढळ ठरू नये, एवढ्यासाठी माणसं घराच्या हप्त्याशेजारी इंटिरियरचा हप्ता लावून घेतात. वर तो धास्तीचा हप्ता आवडीच्या नावावर खपवतात.

आवड कशी दिसते ते बघायचं असेल तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव हिंडून साठवलेल्या वीसेक हजार वस्तू तिथे आहेत; त्यांनी त्या राज्य सरकारच्या हवाली केल्या. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे. एकेका अडकित्त्याच्या मुठीवर कारागिरानं जीव ओतलाय, कारण ती मूठ दिवसातून दहा वेळा हातात यायची. देखणेपण तिथे वापराच्या मागून चालत आलं. सुपारी न खाणाऱ्या घरात शोभेला अडकित्ता टांगावा, असं त्या माणसांच्या स्वप्नातही आलं नसेल. आपण क्रम उलटा केला: आधी देखावा, मग त्यात कसं राहायचं याची कसरत.

सगळेच व्यावसायिक असे नसतात, हेही मान्य. जन्मानं इंग्रज असलेले लॉरी बेकर केरळात राहिले आणि पाच मैलांच्या परिसरात मिळेल त्या सामानातून घर बांधावं, हा गांधीजींचा सल्ला त्यांनी मनावर घेतला. विटांच्या जाळ्या केल्या, वारा आत आला, गिलाव्याचे पैसे वाचले. त्या घरांना आपोआप एक चेहरा आला. त्यासाठी बेकरांना कुणाला समुद्रकिनारा की कॅफे असं विचारावं लागलं नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ताबा मिळाला की ओटा, पंखे, दिवे, साध्या रंगाचा हात एवढं करून राहायला जा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. ऊन कुठवर येतं, ओल कुठे धरते, किल्ल्या कुठे पडतात, म्हातारी माणसं कुठल्या खुर्चीकडे आपोआप वळतात, मुलं अभ्यासाला टेबल सोडून जमिनीवर का बसतात, हे बघा. मग सुताराला बोलवा. तेव्हा जे कराल ते शेजाऱ्यासारखं होणारच नाही, कारण शेजाऱ्याकडे तुमची म्हातारी माणसं नाहीत. ते एखाद्याला कुरूप वाटेल. वाटू द्या, तो तिथे राहणार नाहीये.

आणि डिझायनर हवाच असेल तर जरूर नेमा. फक्त पहिल्या भेटीत त्यानं रंगांचं कार्ड उघडलं तर चहा पाजून वाटेला लावा. त्यानं “तुमच्याकडे भांडी कोण घासतं आणि कपडे कुठे वाळतात?” असं विचारलं तर आगाऊ रक्कम त्याच दिवशी देऊन टाका.