सायकलीचे सामान्यरूप

सायकलीच्या पुढच्या भागाला आपल्याकडे एकच शब्द आहे : हँडल. ज्याला धरून वळायचे ते हँडल, ज्यावर घंटी बसते ते हँडल, आणि ज्या आखूड दांड्याने ते सायकलीला जोडलेले असते तेही हँडलच. या आखूड दांड्याला इंग्रजीत स्टेम म्हणतात आणि आमच्या तरुण सायकलस्वारांनी तोच शब्द उचलला आहे. मराठीच्या प्राध्यापकाने यावर हळहळावे, अशी वाचकांची अपेक्षा असेल. ती मी पुरी करणार नाही. स्टेम म्हणजे काय, हे मला व्याकरणामुळेच नीट उमगले. ‘घोडा’ या नामाला ‘ला’ हा प्रत्यय थेट लागत नाही; मध्ये ‘घोड्या’ हे सामान्यरूप यावे लागते. सांगाडा हे नाम, हँडल हा प्रत्यय आणि स्टेम हे सामान्यरूप. दोन्ही टोके शुद्ध असून मधले रूप चुकले की वाक्य कसे अडखळते, हे माझे विद्यार्थी उत्तरपत्रिकांतून मला दर वर्षी दाखवून देतात.

माझी सायकल अशीच अडखळत होती. ती मूळची भाच्याची. तो २०२३ साली शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना आपली ती मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची, शर्यतीची सायकल माझ्या हवाली करून गेला. सांगाडा आम्हां दोघांना चालतो. पण त्याचे हात लांब, खांदे रुंद. हँडल ४४ सेंटिमीटरचे, स्टेम १२० मिलिमीटरचा. पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येण्यात काही बिघडत नसे. पुढे मला ब्रेव्हेचे वेड लागले. ब्रेव्हे हा फ्रान्समधून आलेला प्रकार. ही शर्यत नव्हे; नेमलेले अंतर नेमलेल्या वेळात पुरे करायचे, इतकेच. २०० किलोमीटरना साडेतेरा तास मिळतात. सराव वाढला तशी सत्तराव्या किलोमीटरला उजव्या हाताची करंगळी आणि तिची शेजारीण बधिर होऊ लागली. एका सोमवारी फळ्यावर लिहिताना खडू दोनदा गळाला.

करंगळीच्या बाजूने तळहातात एक मज्जातंतू उतरतो. हात फार पुढे ताणले की धडाचा भार तळव्यांवर येतो आणि तो दबतो. डॉक्टर म्हणाले, “असेच चालू ठेवलेत तर पकड कमी होईल.” लिहिणे आणि लिहिलेले तपासणे हाच ज्याचा धंदा, त्याला हे वाक्य रात्री झोपू देत नाही.

आमचे सायकलवाले मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. मी नवे हँडल मागितले. ते म्हणाले, “सर, हँडलचं नंतर बघू. आधी स्टेम.” त्यांच्यापाशी जुन्या स्टेमचा डबाच आहे. त्यांनी मला सायकलीवर बसवले आणि १२० काढून ११०, मग १००, मग ९० असे लावून पाहिले. कोपर जरा वाकलेले राहते का, खांदे कानांकडे चढतात का, एवढेच ते बघत होते. मग त्यांनी तोच स्टेम उलटा करून बसवला. साधारण सहा अंशांचा कल असलेला १०० मिलिमीटरचा स्टेम उलटा केला की हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येते, आणि खर्च शून्य. दुकानदाराने स्वतःहून सांगितलेला बिनपैशाचा उपाय मला तरी क्वचितच भेटला आहे.

तरीही हँडल बदलावेच लागले. पट्टी उलगडली तर आत ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि खड्डे. घाम पट्टीत मुरतो आणि धातू खातो. भाचा कष्टाळू होता, हे मान्यच आहे.

हँडलची रुंदी खांद्याच्या दोन हाडांमधल्या अंतराने ठरवतात. माझे भरले ४० सेंटिमीटर. पण दुकानातले ‘चाळीस’ दोन जातींचे असते. काही कारखाने टोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरून बाहेरपर्यंत. फरक दोनेक सेंटिमीटरांचा. विचारल्याशिवाय घेऊ नये. अलीकडे वारा कापण्यासाठी फारच अरुंद हँडले वापरायची टूम निघाली होती. तिला आवर घालायला आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२६ पासून रस्त्यावरच्या शर्यतींत बाहेरून ४० सेंटिमीटरची किमान मर्यादा घातली. आपल्याला वाऱ्यापेक्षा खड्ड्यांशी गाठ असल्याने हा प्रश्नच नाही.

दुसरे माप पुढे येण्याचे. जुने हँडल स्टेमपासून ८५ मिलिमीटर पुढे जात होते, नवे ७५. म्हणजे पूर्वी १२० आणि ८५ मिळून २०५. आता स्टेम १०० चा ठेवला तरी १७५. तीन सेंटिमीटरांची सुटका. दोन्ही वस्तू सुट्या घेतल्या तरी हिशेब एकत्रच मांडावा लागतो. शिवाय जाडी जुळली पाहिजे : आजची बहुतेक हँडले मधोमध ३१.८ मिलिमीटर असतात, जुनी २६ किंवा २५.४. बारीक हँडल जाड पकडीत मधे पट्टी घालून बसवता येते. उलटे मुळीच जमत नाही.

कार्बनचे घ्या, असे एका विद्यार्थ्याने सुचवले. हलके असते आणि रस्त्याची थरथरही कमी पोचते, हे खरे. पण मार्च २०२१ मध्ये बेल्जममधल्या ल सामीं शर्यतीत मॅथ्यू व्हॅन डर पूल या डच स्वाराचे कार्बनचे हँडल चालत्या सायकलीवर तुटले. तुटके हँडल सांभाळत त्याने शर्यत पुरी केली आणि सहकाऱ्याच्या विजयाला हातभारही लावला. तो व्हॅन डर पूल होता. मी ॲल्युमिनियमचे घेतले.

बसवताना मिस्त्रींनी आधी वरचा बोल्ट आवळून पुढच्या चिमट्याची खडखड घालवली, मग बाजूचे बोल्ट. पकडीच्या चार बोल्टना आळीपाळीने थोडे थोडे, पाच न्यूटन-मीटरच्या आकड्यापर्यंत, कारण स्टेमवर तोच छापला होता. वरची फट आणि खालची फट सारखी आहे ना, हे त्यांनी नखाने पाहिले.

आता बधिरपणा सत्तराव्याऐवजी दीडशेच्या पुढे येतो, तोही करंगळीपुरता. मिस्त्री म्हणतात, आता बैठकीचा पुढचा कल बघू. १२० चा स्टेम मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. भाचा डिसेंबरात येतो म्हणाला आहे.