देवाचं दर्शन झालं, रानाचं राहिलं

'भीमाशंकरला जाऊन आले' असं सांगणाऱ्या बायका माझ्या ओळखीत ढिगानं आहेत. कुणी श्रावणी सोमवारी जाते, कुणी महाशिवरात्रीला, कुणी लेकीचं लग्न ठरलं म्हणून. रांग किती होती, पायऱ्या चढताना गुडघे कसे बोलायला लागले, सगळं रंगवून सांगतात. पण 'रान पाहिलंत का?' असं विचारलं की बहुतेक जणी गप्प होतात. ज्या रानात हा देव बसलाय, ते रान गाडीच्या काचेतून मागे पळतं आणि संपतं.

मैत्रिणींनो, आज मला त्या रानाबद्दलच बोलायचं आहे. वर्षावन म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचं अ‍ॅमेझॉनचं जंगल आठवतं. तिथे जवळजवळ वर्षभर पाऊस असतो. आपल्या सह्याद्रीत तो चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे जातात. तरीही माथ्यावरची ही झाडी हिरवीगार राहते. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा अशा झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले आणि खाली उन्हाचे कवडसे तेवढे. अभ्यासक अशा रानाला सदाहरित आणि निमसदाहरित वन म्हणतात. पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवरचं हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं रान १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं.

आमच्या बचत गटाच्या पंधरा जणींना घेऊन मी तिथे गेले होते. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण असा रस्ता. दर्शन झाल्यावर लगेच परत न फिरता गावातल्याच एका मावशींना सोबत घेतलं आणि गुप्त भीमाशंकरच्या वाटेनं दोन तास हिंडलो. मावशींनी बोट दाखवलं तिकडे पाहिलं, तर उंच फांदीवर शेकरू! तांबूस अंग, हातभर झुपकेदार शेपूट. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत फिरतो. म्हणजे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असले तरच त्याचा रस्ता शाबूत. मधली चार झाडं पाडली की आपल्या दृष्टीनं जरा मोकळी जागा होते, त्याच्या दृष्टीनं पूल तुटतो.

आता कुणी म्हणेल, एका खारीसाठी एवढं कशाला? तर पाण्याचं बघा. भीमा नदी इथेच उगम पावते. राजगुरुनगर, दौंड, पंढरपूर ही सगळी गावं तिच्याच काठची. पंढरीत ज्या चंद्रभागेत आपण स्नान करतो, ती हीच भीमा. पुण्याची मुळा-मुठाही पुढे तिलाच मिळते. धो धो पाऊस आधी पानांवर पडतो, फांद्यांवरून ओघळतो, मग खालच्या पाचोळ्यात मुरतो. तो पाचोळा म्हणजे ओल धरून ठेवणारं जाड गोणपाट समजा. तिथून पाणी हळूहळू झिरपत झऱ्यांना आणि ओढ्यांना जातं. झाडी गेली की तेच पाणी माती घेऊन धावत सुटतं. याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचला आणि माळीण गाव गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. डोंगरउतार किती नाजूक असतात, हे त्या सकाळनं सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं.

हे रान इतकी वर्षं टिकलं कसं? त्याचं बरंचसं श्रेय इथल्या लोकांना आहे. सह्याद्रीत गावोगावी देवराया आहेत. देवाच्या नावानं राखलेल्या या रानातली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, असा कित्येक ठिकाणी दंडक. पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व जगापुढे मांडलं. ज्याला अडाणी श्रद्धा म्हणून हसलं जायचं, त्यात केवढा शहाणपणा होता!

भीमाशंकरच्या आसपास महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. या घरांतल्या बायका-माणसं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. आपल्या आजीनं बाळगुटीत उगाळलेला हिरडा अशाच कुणीतरी वेचलेला असणार. अभयारण्य झालं तशी चराईवर, लाकूडफाट्यावर बंधनं आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं हिरड्यासारखं वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला. पण सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेल्या बाईला आजही चार वेळा विचार करावा लागतो, असं मावशी सांगत होत्या.

आणि आपण? पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, पूजेच्या साहित्याच्या पिशव्या दरीत भिरकावतो आणि गाडीत बसतो. राज्यात प्लॅस्टिकबंदी २०१८ साली आली, तरी वाटेच्या कडेला हा कचरा आम्हाला पदोपदी दिसला. ज्यांनी रान राखलं त्यांच्यावर नियमांचं ओझं आणि जे तासभर येतात त्यांना सगळी मोकळीक, हा कुठला न्याय? मावशी सहज बोलून गेल्या, 'बाई, तुम्ही देवाला येता, पण देव कुठं बसलाय ते बघत नाही.'

मला वाटतं, हे बदलणं आपल्या हातात आहे. कारण सहलीची पिशवी भरते कोण? आपणच ना! घरून पाणी घ्या, डबा स्टीलचा घ्या, प्रसादासाठी कापडी पिशवी न्या. केलेला कचरा तिथल्या पिंपात न टाकता घरी परत आणा, कारण डोंगरावरून तो खाली नेणंही सोपं नसतं. माकडांना खाऊ घालू नका. मुलांना आरडाओरड करू देऊ नका, उलट एखादं घरटं दाखवा. वाट दाखवायला गावातलीच एखादी ताई किंवा दादा सोबत घ्या आणि त्यांच्या श्रमाचे पैसे घासाघीस न करता द्या. तुमच्या गावाजवळ भीमाशंकर नसेल, पण एखादी देवराई नक्की असेल. तिथे देवळाचा जीर्णोद्धार निघाला, तर मंडपासाठी किती झाडं जाणार आहेत, हा प्रश्न ग्रामसभेत उठून विचारा. वर्गणी आपण देतो, मग प्रश्न विचारायला कसला संकोच?

आमच्या गटानं आता एक नियम केलाय. तीर्थाला गेलं की देवापुढे जितका वेळ, निदान तितकाच वेळ त्याच्या रानात काढायचा. पुढची सहल कोयनेकडे न्यायची ठरतेय. पिशव्या शिवायला घेतल्यात.