शपथेविना जबाब आणि अर्धी सुटका

खोट्या कागदावर अंगठा घेऊन कुणाचे शेत लाटले, कुणाची होडी. खटल्यात आरोपी न्यायाधीशांना म्हणतो, "मी निर्दोष." त्याला शपथ नाही, त्या जबाबावर उलटतपासणी नाही, खोटे उत्तर दिले म्हणून शिक्षाही नाही. शेतकरी-मच्छीमार बंधूंना हा अन्याय वाटतो. आम्हांला वाटत नाही. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू नये, हे घटनेच्या २० व्या कलमाचे वचन आहे. मात्र असा जबाब विचारात घेतला तरी तो शपथेवरचा पुरावा नव्हे. तेवढे वजन हवे असेल तर आरोपीने साक्षीदार म्हणून शपथ घ्यावी आणि उलटतपासणीला तोंड द्यावे.

कधी निकाल लागतो : फसवणुकीबद्दल शिक्षा, बनावट दस्तऐवजाच्या आरोपातून सुटका. ही विसंगतीच असे नाही. साक्षीतला एक भाग खोटा ठरला म्हणजे सगळी साक्ष खोटी, असा आपल्याकडे कायदा नाही; सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये निसार अली खटल्यात हे स्पष्ट केले. पण एकाच पुराव्यावर दोन निर्णय दिले, तर कारणेही पटणारी हवीत. अपिलात कस लागतो तो त्या कारणांचाच.

म्हणून निकालपत्राची नक्कल काढा, जाणत्याकडून वाचून घ्या. ३१ डिसेंबर २००९ पासून सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क नाडलेल्या माणसालाही मिळाला आहे. नशिबाला बोल लावण्याआधी तो वापरा, आणि मुदत चुकवू नका.