न्हाणीघरातील पंखा : हवेचे माप आणि शांततेचे मोल

श्रीपूरसारख्या गावात न्हाणीघरासाठी पंखा घ्यावयास गेलेल्या गृहस्थास दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘सहा इंची की आठ इंची?’ हा. दुसरा प्रश्न रंगाचा आणि तिसरा किमतीचा. हा पंखा तासाला किती हवा बाहेर टाकतो आणि ती टाकताना किती आवाज करतो, हे दोन प्रश्न ना दुकानदार काढतो, ना गिऱ्हाईक. पंखा घरी येतो, भिंतीतल्या भोकात बसतो आणि चार दिवसांतच त्याच्या घरघरीला कंटाळून घरातील मंडळी बटण बंद ठेवू लागतात. पुढे पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते, दाराची चौकट फुगते आणि ‘पंखा बसवूनही काही उपयोग झाला नाही’ असा ठपका त्या पंख्यावर येतो. खरे पाहता तो पंखा चालवलाच गेलेला नसतो.

एवढ्याशा वस्तूसाठी वर्तमानपत्राचे रकाने खर्ची घालावेत काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु या लहान वस्तूच्या खरेदीत दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. बंद खोलीतील हवेचा प्रश्न आरोग्याचा, प्रसंगी प्राणाचाही आहे. दुसरा प्रश्न बाजाराचा आहे : ज्या गुणासाठी वस्तू घ्यावयाची तो गुणच खोक्यावर लिहिलेला नसेल, तर ग्राहकाने निवड कशाच्या आधारे करावी?

बंब गेला, विस्तव आत आला

जुन्या घरांतील न्हाणीघर परसात असे. बंब उघड्यावर किंवा पडवीत पेटे, धूर वर जाई आणि न्हाणीघराच्या झरोक्यातून वाफ आपोआप निघून जाई. त्या व्यवस्थेत गैरसोयी पुष्कळ होत्या, पण हवेची गैरसोय नव्हती. आता न्हाणीघर शयनगृहाला लागून आले. सदनिकांत तर त्याची खिडकी पुष्कळदा बाहेर न उघडता दोन इमारतींमधील अरुंद डक्टमध्ये उघडते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखात येथील कोरडी हवा ओली भिंत तासाभरात सुकवते. ज्याच्या न्हाणीघराला बाहेर उघडणारी खिडकी आहे त्याला वर्षातील बरेच महिने पंख्याची गरजही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु श्रावणात बाहेरचीच हवा दमट असते आणि पौष-माघात गारठ्यामुळे खिडकी लावून ऊन पाण्याने स्नान होते. तीस अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच अशा न्हाणीघरात सुमारे ८ घनमीटर हवा असते. म्हणजे पाव लिटर पाण्याची वाफ झाली की ती हवा तृप्त झाली. पुढची वाफ भिंतीवर आणि छतावरच उतरणार.

वाफेने भिंत खराब होते. विस्तवाने माणूस जातो. बंबाच्या जागी आलेला गॅसचा गिझर कित्येक घरांत न्हाणीघराच्या आतच टांगलेला असतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. ती पुरेशी मिळाली नाही की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. स्नानास गेलेले माणूस बाहेर आले नाही म्हणून दार फोडावे लागल्याच्या बातम्या महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. पंखा हा या धोक्यावरचा उपाय नव्हे. हवा आत येण्यास वाट नसलेल्या खोलीत पंखा जोराने हवा ओढू लागला, तर गिझरच्या नळीतून वर जाणारा वायूही उलटा खोलीत ओढला जाऊ शकतो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असला पाहिजे. पंख्याचा विचार त्यानंतरचा.

कारखान्यातील पंखा आणि घरातील पंखा

श्रीपूर हे गाव साखरेभोवती वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याने या माळरानाला नाव आणि वस्ती दिली. आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण म्हणून ते परिचित आहे. साखर कारखान्यातील बॉयलरपाशी अजस्र पंखे असतात. एक पंखा उसाच्या चिपाडाच्या भट्टीला हवा पुरवतो, दुसरा जळलेले वायू ओढून धुराड्याकडे नेतो. हे पंखे खरेदी करताना कोणताही अभियंता ‘किती इंची?’ एवढ्यावर थांबत नाही. किती घनमीटर हवा, आणि किती दाबाच्या विरुद्ध, हे दोन आकडे हाती आल्यावाचून तो मागणीपत्रावर सही करणार नाही. तोच अभियंता संध्याकाळी घरासाठी पंखा घेतो तेव्हा मात्र पात्याचा व्यास पाहून पैसे मोजतो! कारखान्यात जे शास्त्र आहे ते घरी येताच अंदाज का बनते, याचे उत्तर त्याच्या अज्ञानात शोधण्यापेक्षा बाजाराच्या मौनात शोधणे अधिक योग्य होईल.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धान्त मांडला. त्या कार्याबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सिद्धान्त असा की, वस्तूचा दर्जा विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत उत्तम माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि हलका माल उरतो. न्हाणीघराच्या पंख्याला हे तंतोतंत लागू पडते. दुकान रस्त्यावर असते. समोरून ट्रॅक्टर जात असतात. अशा गोंगाटात अर्धा मिनिट फिरवून दाखवलेला पंखा शांत आहे की कर्कश, हे कोणाच्याही कानाला कळणार नाही. मग चांगले बेअरिंग आणि नीट तोललेले पाते यांवर खर्च करणाऱ्या कारखानदारास त्या खर्चाचा मोबदला कोण देणार? त्यापेक्षा झाकणाला चकाकी देणे त्याला फायद्याचे पडते.

विजेच्या खर्चाची धास्ती येथे फारशी खरी नाही. ३० वॅटचा पंखा रोज तासभर चालवला तरी वर्षाला ११ युनिटे जळतात. आठ-दहा रुपये दर धरला तर शंभरएक रुपये. पंखा बंद राहतो तो बिलाच्या भीतीने नव्हे, आवाजाच्या त्रासाने. पहाटे पाचला पाळीवर निघणाऱ्या कामगाराने घरातली मुले जागी होऊ नयेत म्हणून पंखा लावला नाही, तर त्याला दोष कसा द्यावा? म्हणूनच शांतपणा हा या वस्तूचा ऐषारामी गुण मानणे चूक आहे. ज्याचे बटण दाबवत नाही तो पंखा कितीही हवा ओढणारा असला तरी त्याची प्रत्यक्ष उपयुक्तता शून्य होय.

खरेदीपूर्वीचा हिशेब

हा हिशेब अवघड नाही. न्हाणीघराची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि त्याची दहापट करावी. वरील न्हाणीघरास तासाला सुमारे ८० घनमीटर हवा टाकणारा पंखा पुरतो. अमेरिकेतील ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेचे ६२.२ क्रमांकाचे मानक गरजेपुरत्या चालवावयाच्या पंख्यासाठी मिनिटाला ५० घनफूट, म्हणजे तासाला ८५ घनमीटर इतकीच अपेक्षा करते. तेव्हा ‘जितका मोठा जोर तितके चांगले’ ही समजूत सोडून द्यावी.

मात्र खोक्यावर हवेचा आकडा असलाच, तर तो बहुधा मोकळ्या हवेतील असतो. पंखा थेट बाहेरच्या भिंतीत बसवावयाचा असेल तर साधा पात्यांचा पंखा चालेल. पण हवा लांब पाइपातून, दोन-तीन वळणे घेऊन न्यावयाची असेल, तर असा पंखा नुसता घुमतो आणि हवा जागची हलत नाही. तेथे दाब निर्माण करणारा, पाइपासाठीच बनवलेला पंखा घ्यावा. पाइप रुंद, आखूड आणि आतून गुळगुळीत ठेवावा.

आवाजाचा आकडा विचारताना तो किती अंतरावर मोजला हेही विचारावे. एक मीटरवर आणि तीन मीटरवर मोजलेल्या आवाजात मोकळ्या जागेत सुमारे ९ ते १० डेसिबलचा फरक पडतो, आणि कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज जवळजवळ निम्मा झाल्यासारखा वाटतो. अंतर न सांगता छापलेला डेसिबलचा आकडा म्हणजे वजनाशिवाय सांगितलेला भाव. दुसरे सूत्र याहून उपयोगी आहे. तोच पंखा निम्म्या वेगाने फिरवला तर हवा निम्मी होते, परंतु आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून लहान पंखा भरधाव पळवण्यापेक्षा थोडा मोठा पंखा संथ फिरवणे केव्हाही श्रेयस्कर.

उरलेल्या गोष्टी बसवण्याच्या आहेत. पंख्याची चौकट भिंतीवर सैल राहिली की सगळी भिंत ढोलासारखी वाजते. मध्ये रबराची पट्टी द्यावी. बाहेरची झडप हलकी पण घट्ट मिटणारी असावी, अन्यथा ती वाऱ्यावर रात्रभर फडफडते. दाराखाली बोटभर फट ठेवावी, कारण आत हवा येणार नसेल तर बाहेर तरी काय जाणार? स्नानानंतर पंधरा-वीस मिनिटे पंखा चालू ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पाती पुसावीत. धूळ बसलेल्या पात्याचा तोल जातो आणि शांत पंखाही ओरडू लागतो.

मागणी कोणी करावयाची?

इतके शहाणपण प्रत्येक ग्राहकाने एकट्याने बाळगावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. बाजाराचे मौन मोडण्यासाठी नियम लागतो. भारतात छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून ताऱ्यांचे लेबल बंधनकारक झाले. एका वॅटमागे किती हवा मिळते, याची तुलना आता मॅट्रिक झालेला मुलगाही करू शकतो. परंतु ते तारेही आवाजाबद्दल बोलत नाहीत. अमेरिकेत १९५५ साली स्थापन झालेली होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूट ही उत्पादकांचीच संस्था पंख्याची हवा आणि त्याचा आवाज हे दोन्ही आकडे तपासून प्रमाणित करते. जे तेथील कारखानदारांना जमले ते येथील कारखानदारांना जमू नये, असे काही नाही.

आवाज हा बसवण्यावर अवलंबून असतो, मग छापील आकड्याला अर्थ काय, असा युक्तिवाद उत्पादक करतील. त्यात तथ्यांश आहे. पण मोटारीचे इंधनही चालवणाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून ती लिटरला किती धावते हे सांगण्याचे कोणी टाळत नाही. सर्वांना एकच कसोटी लावून काढलेला आकडा तुलनेस पुरेसा असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक जाणून घेण्याचा हक्क ग्राहकास दिलाच आहे. हवेचे घनमीटर आणि ठराविक अंतरावरील डेसिबल हे दोन आकडे प्रत्येक खोक्यावर ठळकपणे छापणे, हा त्या हक्काचा साधा अर्थ होय. महाळुंग-श्रीपूरला आता नगरपंचायत आहे. घराचे नकाशे मंजूर करताना न्हाणीघराला बाहेरची हवा मिळते काय आणि गॅसचा गिझर कोठे बसणार आहे, एवढे दोन प्रश्न तेथे विचारले गेले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

तोवर गिऱ्हाइकाच्या हाती एक साधन आहेच. उसाच्या पट्ट्यात काट्यावरच्या वजनाबद्दल शेतकरी किती जागरूक असतो हे सर्वांना ठाऊक आहे; टनाचा हिशेब तो कोणावर सोडत नाही. त्याच माणसाने दुकानात ‘किती इंची?’ या प्रश्नाला ‘किती हवा आणि किती आवाज?’ असा उलट प्रश्न करावा. पहिल्या दहा गिऱ्हाइकांना उत्तर मिळणार नाही. अकराव्याच्या वेळी दुकानदार तोच प्रश्न वितरकाला विचारू लागेल.